दोन आयांचे दुष्काळ

जानेवारी-फेब्रुवारी हा आखातात, मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आयांचा सीझन असे. हवा जरा माणसात आली की फ्लॅटाफ्लॅटांत व्हिजिट व्हिसावर एकेक आई उतरायची. कुणाची कोचीनहून, कुणाची कराचीहून, कुणाची रत्नागिरीहून. लिफ्टला हिंगाचा, खोबरेल तेलाचा आणि सुक्या मासळीचा असा एकत्र वास यायचा आणि गच्चीवरच्या दोऱ्यांवर लुगडी, मुंडू आणि सलवारी शेजारी शेजारी वाळायच्या. त्या दिवसांत आम्हा नोकरीवाल्या बायकांना ऑफिसातून आल्यावर आयता चहा मिळायचा. मला हा सीझन फार आवडे. आठवड्याभरात आईशी पहिली खडाजंगी झाली की तो तितकाच नकोसाही होई.

नव्वदीच्या मधल्या त्या वर्षी समोरच्या फ्लॅटमध्येही आई यायची होती, पण ती थेट आयर्लंडहून. तिथे एक आयरिश नर्स राहायची. माझ्याहून थोडी मोठी, एकटी, हसरी, आणि रागावली की कानापर्यंत लाल होणारी. माझ्या मुलीला गोवर आला तेव्हा ड्यूटीवरून दमून आलेली ही बाई रात्र-रात्र आमच्याकडे सोफ्यावर बसून राहिली होती. तेव्हापासून आमचं दार आणि तिचं दार यांत फारसा फरक उरला नव्हता.

एका संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, ‘‘आई येतेय. पण फिरायला नाही. मी तिला मुद्दाम बोलावलंय.’’ जूनमध्ये तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मुलगी गावातलीच, शाळेत शिकवणारी, सगळ्यांना आवडणारी. फक्त आईनं सांगून टाकलं होतं की या लग्नाला मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही. वडील नव्हते. आई आली नसती तर नवऱ्यामुलाचा पहिला बाक रिकामा राहिला असता आणि छोट्या गावात तो रिकामा बाक जन्मभर दिसत राहिला असता. भाऊ रडकुंडीला आला होता.

‘‘मुलीत काय खोट आहे?’’ मी विचारलं.

‘‘तिच्या घरानं सूप घेतलं होतं.’’

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. मग तिनं समजावलं. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे बटाट्याचं पीक सडलं. माणसं रस्त्यावर मरून पडली. तेव्हा दुसऱ्या पंथाच्या लोकांनी काही ठिकाणी अन्नछत्र उघडलं होतं. सूप मिळेल, पण आमच्या देवळात या, तुमचं सोडा. त्या मुलीच्या खापरपणजोबांनी ते घेतलं. पुढे सुकाळ आल्यावर ते घर पुन्हा आपल्या धर्मात परतलंसुद्धा. पण गाव विसरलं नाही. त्या घराला आजही मागून तेच नाव होतं.

मी हसले. अगदी मोठ्यानं हसले. दीडशे वर्षांपूर्वीचं सूप! ती हसली नाही. आणि चहा उतू जाईपर्यंत माझंही हसू ओसरलं, कारण हे सगळं मला नको इतकं ओळखीचं वाटायला लागलं होतं. वसईकडे म्हणे फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचं पाणी प्यायलं म्हणून गावंच्या गावं बाटली, ही गोष्ट मी लहानपणी किती वेळा ऐकली होती. तेव्हा मला कधी हसू आलं नव्हतं. एवढा मोठा समुद्र मध्ये, आणि शहाणपण दोन्हीकडे सारखंच.

माझी आई त्या आठवड्यात आधीच येऊन पोचली होती. ती माणदेशातली. आमचं घर गावात मानाचं, सोवळ्याओवळ्याचं, आणि पावसाच्या नावानं कायमचं ओरडणारं. मी तिला समोरची हकिकत सांगितली. ‘सूप घेतलं’ याचं भाषांतर मी सरळ ‘बाटले’ असं केलं. आई भाजी निवडत होती. काही बोलली नाही. एरवी प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असे. मी मनात म्हटलं, चला, निदान एक विषय तरी हिच्या हाताबाहेरचा निघाला.

आयरिश आई आली ती लोकरीचं कार्डिगन घालूनच. उंच, सडपातळ, हाताची बोटं मातीत काम करून जाड झालेली. गाईगुरं आणि बटाटे, एवढं त्यांचं शेत. आई तिला ‘गोऱ्या बाई’ म्हणायची. मी डोळे वटारले की म्हणायची, ‘‘मग काय काळ्या बाई म्हणू?’’

दिवसभर दोघींच्या लेकी कामावर. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर दोघी आमच्या बाल्कनीत खाली बसून बटाटे सोलत होत्या. सोलाणं आमच्याकडे होतं, पण दोघींच्या हातात विळी नाहीतर सुरीच. आईनं मला हाक मारली आणि एक साल उचलून उजेडापुढे धरली. ‘‘बघ. आरपार दिसतंय. बटाटा म्हणून जरा वाया घालवला नाही बाईनं.’’ आईकडून एवढं कौतुक माझ्या कुठल्याही कामाला मिळालेलं नव्हतं.

माझी आठ वर्षांची मुलगी दुभाषी झाली. तिचं मराठी ऐकण्यापुरतं आणि बोलणं बरंचसं इंग्रजीत, त्यामुळे निम्मा कारभार चालायचा. ‘‘आजी, शी इज आस्किंग, किती काउज?’’ ‘‘सांग, चार होत्या. दुष्काळात विकल्या.’’ ‘‘शी सोल्ड देम. बिकॉज नो रेन.’’ आयरिश आजी मान हलवायची. विकलेल्या गाईबद्दल तिला जास्त समजावून सांगावं लागत नसे.

आमच्या बिल्डिंगमागे मोठा रिकामा प्लॉट होता. नुसती रेती, त्यात उभ्या गाड्या, आणि पलीकडे बकाला म्हणजे किराण्याचं दुकान. दोघी तिथून चालत दूध-कोथिंबीर आणायला जायच्या. कोथिंबिरीची जुडी एक दिरहम म्हणजे दहा रुपये, असा हिशोब करून आई रोज त्या मल्याळी दुकानदाराला मराठीत बोलून घ्यायची. एकदा मीही बरोबर होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्लॉट ओलांडताना आयरिश आजी कार्डिगनच्या खिशात हात घालून काहीतरी घट्ट धरते. मी संध्याकाळी नर्सला विचारलं. ती ओशाळली. ‘‘पाव,’’ म्हणाली. ‘‘पावाचा तुकडा. खिशात नसेल तर आई उघड्या माळावरून चालत नाही.’’

त्यांच्याकडे म्हणे, दुष्काळात जिथे माणूस भुकेनं मरून पडला, तिथलं गवत वेगळं उगवतं. पण बघून ते ओळखता येत नाही. त्याच्यावर पाय पडला की धडधाकट माणसाचेही पाय लुळे पडतात, पोटात आग पडते, आणि तोंडात घास गेला नाही तर माणूस तिथेच बसतो. म्हणून खिशात तुकडा ठेवायचा. ‘‘मी तिला सांगितलं, आई, इथे गवतच नाही. तर म्हणते, गवत नाही म्हणून मेलेलं माणूसही नाही, असं कुणी सांगितलं?’’

आईला हे सांगितलं तर तिला नवल वाटलंच नाही. ‘‘चकवा लागतो तसंच,’’ ती म्हणाली. ‘‘उपाशी मेलेला जागा धरून बसतो. तिला सांग, तिचं बरोबर आहे.’’ माझे मिस्टर पेपरातून डोकं काढून म्हणाले, ‘‘खलास. आता दोघींची युनियन झाली.’’

आणि खरंच झाली. शुक्रवारी सुट्टी असायची, जेवणं उशिरा व्हायची, आणि मग मी मधे बसून तास-तास भाषांतर करायची. त्यातून मला जे कळत गेलं ते कुठल्या पुस्तकात वाचून कळलं नसतं. आयरिश आजीच्या गावाबाहेर डोंगरावर एक रस्ता आहे. बांधीव, रुंद, आणि अर्ध्या डोंगरावर जाऊन थांबलेला. कुठेच जात नाही. दुष्काळात लोकांना काम म्हणून तो बांधायला लावला होता. फुकट खायला घालायचं नाही, राबवून घालायचं, म्हणून. काही जण त्या रस्त्यावरच मेले. आजही तिथून कुणी गाडी नेत नाही.

आई मांडी सावरून बसली. ‘‘आमच्याकडे खडी,’’ म्हणाली. बहात्तरच्या दुष्काळी कामावर गावंच्या गावं खडी फोडायला बसली होती. ढिगामागून ढीग. एवढ्या खडीचे रस्ते व्हायचे तर दिल्लीपर्यंत झाले असते. पण खडी तिथंच राहिली, तिच्यावर बाभळी उगवल्या. परदेशातून आलेला लाल मिलो ज्वारी म्हणून दळायचा आणि त्याची भाकरी थापताना फाटायची, वास यायचा, तरी पोरं भांडून खायची. लहान मुलांना सुकडीचा खाऊ वाटायचे. ‘‘गोड असायची गं,’’ आई म्हणाली आणि तिचा चेहरा क्षणभर इतका लोभी झाला की मला भलतंच वाटलं.

त्या वर्षी मी तिथे नव्हते. मला पुण्याला मामाकडे पाठवलं होतं. मी दहा वर्षांची होते आणि मामाच्या घरी पोटभर जेवून, ‘मला एकटीलाच का पाठवलं’ म्हणून रुसून बसले होते. दुष्काळाबद्दल घरात नंतर कुणी बोललं नाही. बोलले ते पावसाबद्दल आणि सरकारबद्दल. घरातल्या माणसांबद्दल एक अक्षर नाही.

आयरिश आजीची परतायची तारीख जवळ आली तरी तिची लेक लग्नाच्या विषयाला हात घालू शकली नव्हती. एकदा घातला तर आजीनं टीव्हीचा आवाज वाढवला. नर्स माझ्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाली, ‘‘तुझ्या आईला विचारायला सांग ना. माझी आई तिचं ऐकेल.’’ मला हे पटलं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभं राहून असलं नाजूक काम करायचं, वर भाषांतर माझं. शब्द इकडचा तिकडे झाला तर खापर माझ्यावर. पण तिनं माझ्या मुलीसाठी जागून काढलेल्या रात्री मी विसरले नव्हते. शेवटच्या शुक्रवारी मी समोरच्या दोघी मायलेकींना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर मिस्टर मुलीला घेऊन क्रीकवर अब्र्यात, म्हणजे होडीत, बसायला गेले. मी आईला म्हटलं, ‘‘तूच विचार. मी नुसतं सांगेन.’’

आईनं आडपडदा ठेवलाच नाही. ‘‘मुलाच्या लग्नाला का जात नाही म्हणावं.’’

मी शक्य तितकं गोड करून विचारलं. आयरिश आजी ताठ बसली. लेकीकडे एकदा बघितलं, हे हिचंच काम, हे तिला कळलं होतं. मग ती आईकडेच बघत बोलायला लागली, हळू, मला वेळ देत.

त्यांच्या घरात एक गोष्ट आईकडून मुलीकडे आलेली होती. तिच्या खापरपणजीची दोन मुलं दुष्काळात गेली. आधी धाकटी, मग थोरला. अन्नछत्र त्यांच्या घराच्या दारातून दिसायचं. धूर दिसायचा, वास यायचा. ती बाई गेली नाही. मुलांना घेऊन दार लावून बसली. ‘‘आता सगळे मला सांगतात, जुनं झालं, सोडून दे, सूप घेतलं त्यात काय एवढं,’’ ती म्हणाली. ‘‘काही नसेल, तर मग ती दोन मुलं कशासाठी मेली? मी त्या बाकावर बसले की त्याचा अर्थ होतो, तिनं उगाच मारली.’’

मला भाषांतर करता येईना. आत्तापर्यंत मी तिला हट्टी म्हातारी समजत होते. आपण सुधारलेले आणि ती मागासलेली, असा माझा एक बारीकसा तोराही होता. तो कुठल्या कुठे गेला. तिला सुनेचा राग नव्हता. ती दोन मेलेल्या मुलांची बाजू धरून बसली होती, कारण तिच्यानंतर ती धरायला कुणी उरणार नव्हतं. मी आईला जमेल तसं सांगितलं. समोर लेक हातांत तोंड झाकून बसली होती. तिलाही मुलांचं हे माहीत नव्हतं.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, ‘‘आता मी सांगते ते तिला नीट सांग. मधे मला काही विचारू नको.’’

‘‘दुष्काळी कामावर आमच्या घरातल्या बाईनं जायचं नाही असं होतं. घरात काही नव्हतं तरी नाही. मला सातवा महिना होता. तुझा भाऊ पोटात. मी सासूला न सांगता गेले. डोक्यावरून पदर ओढून बसायची खडी फोडत. एक दिवस डोळ्यापुढं अंधारी आली नि मी पडले. शेजारी गावाबाहेरच्या वस्तीतली बाई होती. तिनं मला सावलीला ओढलं, आपल्या फडक्यातली भाकरी सोडली, मला भरवली. तिच्याच तांब्यातलं पाणी पाजलं. अर्धी भाकरी होती तिच्याकडं. सगळी मी खाल्ली. तिनं खाऊ दिली.’’

मी इंग्रजीत सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्याला अडले. ‘मी’ म्हणायचं की ‘माझी आई’ म्हणायचं, हे मला कळेना. शेवटी मी ‘मी’ म्हटलं. मला सातवा महिना होता. मी पडले. मी खाल्लं. माझ्याच तोंडातून ते बाहेर पडत होतं आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

‘‘कुणीतरी बघितलं,’’ आई म्हणाली. ‘‘मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. सासू म्हणाली, बाटली. त्या दिवसापासून देवघर बंद, सोवळ्याचा स्वयंपाक बंद. गोठा, धुणं, शेत चालायचं. तुझे वडील तोंड उघडत नव्हते.’’

आमच्याकडे सणावारी पुरणाच्या स्वयंपाकाला काकू असायच्या आणि आई अंगणात धुणी-भांडी करायची. मला वाटायचं, आईला पुरणाचा कंटाळा आहे. ती तसं म्हणायचीही.

‘‘आणि तुझं लग्न,’’ आई म्हणाली. इथे ती माझ्याकडे न बघता आयरिश आजीकडे बघायला लागली. ‘‘सासू जिवंत होती. म्हणाली, कन्यादानाला ही बसली तर मी मांडवात येणार नाही. म्हणून दीर-जाऊ बसले. हिला सांगितलं, आईची कंबर धरलीय.’’

हे मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पाटावर काका-काकू, आणि माझी आई कुठे दिसत नाही. कंबर धरलेली माझी आई त्याच संध्याकाळी पाण्याचा हंडा उचलताना मला दिसली होती. तेव्हापासून माझ्या मनात एक अढी होती की एकुलत्या एका लेकीच्या लग्नात या बाईला दोन घटका खाली बसवलं नाही. मी ती कधी बोलून दाखवली नाही, पण दर सीझनला आठवड्याभरात जी खडाजंगी व्हायची तिच्या बुडाशी तीच असायची.

‘‘मी आचाऱ्यांच्या मांडवात उभी होते,’’ आई सांगत होती. ‘‘कनातीच्या फटीतून बघत. पण तिथनं लेकीची नुसती पाठ दिसत होती. पाठ आणि मुंडावळ्यांची गाठ. तोंड दिसलं नाही. सांग तिला.’’

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही.

‘‘तिला म्हणावं, तुझ्या खापरपणजीचं काही चुकलं नाही. तिनं खाल्लं नाही, बरोबर. मी खाल्लं, माझंही बरोबर. त्यांच्यासाठी काय करायचं ते कर, नाव घे, दिवा लाव. पण मला बसायचं होतं आणि बसू दिलं नाही. तुला कुणी अडवलेलं नाही. तू आपणहून बाहेर उभी राहतेस, ते मला सोसत नाही.’’

खाली नातूर, आमचा पठाण वॉचमन, कुणाला तरी गाडी काढायला ओरडत होता. आयरिश आजीनं एकच प्रश्न विचारला. ‘‘बाळ जगलं?’’

मी म्हटलं, हो. साताऱ्यात एसटी डेपोत मेकॅनिक आहे. जाड झालाय. नुकतीच मुलगी झालीय त्याला.

आजीनं मान हलवली. ‘‘चांगलं,’’ म्हणाली. उठली, आईचा हात एकदा घट्ट दाबला, आणि लेकीला घेऊन आपल्या फ्लॅटमध्ये गेली. लग्नाला येते किंवा येत नाही, काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी ती विमानात बसली तेव्हाही नाही.

दार लागल्यावर मी आईवर भडकले. मला रडायचं होतं, पण मला रडण्याआधी राग येतो, हा माझा स्वभाव आहे. ‘‘मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं! एका परक्या बाईला सांगतेस आणि मला नाही?’’

‘‘तुला सांगितलं असतं तर तू आजीशी भांडली असतीस. लग्न मोडलं असतं.’’

‘‘मोडलं असतं तर मोडलं असतं!’’

‘‘मग हे घर कुठून झालं असतं? ही नात कुठून आली असती?’’ आईनं ताटं गोळा केली. ‘‘आणि परकी नाही ती. तिला भूक माहिती आहे.’’ मग मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून जे रडले ते मिस्टर आणि मुलगी परत येईपर्यंत. मुलगी म्हणाली, ‘‘व्हॉट हॅपन्ड टु ममा?’’ आई म्हणाली, ‘‘कांदा.’’

मार्चमध्ये आई गावी परतली. बाकीच्या आयाही गेल्या, गच्चीवरच्या दोऱ्या रिकाम्या झाल्या आणि उन्हाळा अंगावर आला. नर्स दर आठवड्याला घरी फोन करायची आणि दर आठवड्याला मी तिच्या तोंडाकडे बघायची. तिची आई हवेबद्दल बोलते, गाईबद्दल बोलते. भावानं विचारलं तर म्हणते, जून अजून लांब आहे. कपडे शिवले नाहीत, काही नाही. जूनच्या सुरुवातीला नर्स गेली. जाताना म्हणाली, ‘‘मी तो बाक रिकामा बघू शकणार नाही. मीच बसेन तिथे.’’ मी इन्शाल्ला म्हटलं. इथे राहून ती सवयच लागते, आणि त्या दिवशी ते मनापासून म्हटलं.

तिकडून फोन करण्याइतकं तिला सुचणार नाही, हे मला माहीत होतं. तरी तीन आठवडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती परत आली तेव्हा टॅक्सीतून बॅगा निघायच्या आत मी खाली पोचले होते. पार्किंगमधल्या त्या भट्टीत उभी राहून तिनं सांगितलं.

लग्नाच्या सकाळी तिची आई उठून गुरांकडे गेली आणि परत आलीच नाही. सगळे चर्चमध्ये जमले. नवरी यायची वेळ झाली. बाक रिकामाच. नर्स उठून त्याच्यावर जाऊन बसणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आई आत आली. नवे कपडे नव्हते, तेच कार्डिगन होतं. बुटांना चिखल लागला होता. तो गुरांच्या गोठ्यातला नव्हता. ती डोंगरावर, जिथे त्या दोन मुलांना पुरल्याचं घरात सांगतात तिथे जाऊन आली होती. सगळं गाव वळून बघत असताना ती मधल्या वाटेनं चालत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. शेवटपर्यंत उठली नाही. जेवणाला सुनेच्या आईशेजारी बसली. फारसं बोलली नाही, पण बसली. निघताना लेकीला म्हणाली, ‘‘त्या भारतीय बाईला कळव, मी बसले.’’

आईच्या गावात तेव्हा एकच फोन होता, चौकातल्या एसटीडी बूथवर. शुक्रवारी दर कमी असायचा. आधी फोन करून बोलावणं पाठवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी परत लावायचा, अशी पद्धत. मी परत लावला तेव्हा आई धापा टाकत होती. कुणी आजारी आहे का, हाच तिचा पहिला प्रश्न.

‘‘नाही गं. ती बसली, आई. तुझी मैत्रीण. मुलाच्या लग्नात बसली.’’

पलीकडून नुसती खरखर येत राहिली. मला वाटलं, लाइन कट झाली.

‘‘पुढं बसली का?’’

‘‘पुढे. अगदी पहिल्या बाकावर.’’

‘‘बरं झालं.’’ मग तिनं आवाज इतका खाली आणला की बूथवाल्यालाही ऐकू जाऊ नये. ‘‘आणि मुलानं बघितलं का गं तिच्याकडं? तोंड दिसलं का तिला त्याचं?’’

मला माहीत नव्हतं. मी तिला थांब म्हटलं, रिसीव्हर तसाच टाकला, पळत समोरच्या दारावर थापा मारल्या. नर्स डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. प्रश्न ऐकल्यावर ती जरा आठवत उभी राहिली. मग म्हणाली, हो. बघितलं. नवरी आत येत होती, सगळे तिकडे बघत होते, आणि तो एकटा उलटा वळून आईकडे बघत होता.

मी परत येऊन फोन उचलला आणि आईला हे जसंच्या तसं सांगितलं.